टीबी नक्की कुणाकडून आला, हे जंतूच्या डीएनएवरून कळतं का?

परळवाली | सोमवार, स. ११:०५

नमस्कार मंडळी. प्रश्न वैद्यकीय आहे, पण डॉक्टरी सल्ला नकोय. उपचार सुरू झालेत आणि नीट चाललेत.

माझ्या भाचीला (वय २३, राहायला चिंचपोकळी, नोकरी लोअर परळ) गेल्या महिन्यात फुफ्फुसाचा टीबी निघाला. सीबीनॅट झाली, रिपोर्टवर जंतू सापडला आणि रिफाम्पिसिन ह्या मुख्य औषधाला दाद देतोय असं आलं. गोळ्या चालू. आता घरात विषय एकच: हिला दिला कुणी? दादाकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना दोन वर्षांपूर्वी टीबी झाला होता. कोर्स पूर्ण केला होता त्यांनी. तरी वहिनीने दुसऱ्याच दिवशी त्यांना बंद केलं, आणि बातमी फिरल्यावर मजल्यावरच्या आणखी दोन घरांनीही.

मला हे पटत नाहीये, पण मला पटत नाही हा काही पुरावा नव्हे. करोनात कस्तुरबाच्या लॅबमध्ये सिक्वेन्सिंग करून कुठला व्हेरियंट ते सांगत होते. मग टीबीचं तसं करून दोघींचे जंतू एकच की वेगळे, हे कळत नाही का? होत असेल तर मुंबईत कुठे, आणि खर्च किती?

७:५२_कर्जत | सोमवार, स. ११:२१

भाची लोकलने जाते का? मग संशयितांची यादी लेडीज डब्यापासून सुरू करा. (ह. घ्या.)

खवचट_खान्देशी | सोमवार, स. ११:४०

काढून उपयोग काय? गोळ्या त्याच, सहा महिने तेच. जंतूची जन्मपत्रिका काढून वहिनी ऐकणार आहेत का?

चकली | सोमवार, दु. १२:१५

वाचतेय. त्या मावशींबद्दल वाईट वाटलं.

सूक्ष्मदर्शक | सोमवार, दु. १:४०

थोडक्यात उत्तर: तत्त्वतः कळतं, तुमच्या बाबतीत बहुधा नाही. आता लांबण लावते, कारण टीबीच्या लॅबमध्ये बरीच वर्षं हेच माझं पोटापाण्याचं काम होतं.

आधी रिपोर्टबद्दल. सीबीनॅट हे यंत्र जंतू टीबीचा आहे का ते बघतं आणि आरपीओबी जनुकातली ८१ अक्षरं तपासतं. रिफाम्पिसिनला निकामी करणारे बहुतेक बदल तिथेच होतात म्हणून तेवढीच. जंतूच्या सगळ्या डीएनएची लांबी ४४ लाख अक्षरं. त्यामुळे हा जंतू कुठल्या घराण्यातला, हे त्या रिपोर्टवरून कळायचा प्रश्नच नाही. ते यंत्राचं कामही नाही. दोन तासांत औषध ठरवायला मदत करणं हे त्याचं काम, आणि ते चोख करतं.

आता घराणं कसं ओळखतात. टीबीचा जंतू कमालीचा संथ. ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, ह्याला जवळजवळ अख्खा दिवस लागतो. शिवाय हा इतर जंतूंकडून जनुकं उसनी घेत नाही. जे आईचं तेच लेकीचं. त्यामुळे जगभरचे टीबीचे जंतू एकमेकांसारखेच, आणि त्यांच्यातला फरक शोधणं हीच खरी डोकेदुखी.

पहिली भरवशाची पद्धत आयएस ६११० आरएफएलपी. तिचं प्रमाणीकरण १९९३ मध्ये झालं. आयएस ६११० हा डीएनएचा एक तुकडा आहे, तो जागा बदलत राहतो. कुणात त्याच्या वीस प्रती, कुणात चार. डीएनए एन्झाइमने कापायचा, जेलवर चालवायचा, पट्ट्या कुठे उमटतात ते बघायचं. १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या ४७३ रुग्णांचे जंतू असे तपासले, तर १९१ जणांचे दुसऱ्या कुणाशी तरी जुळले. तोवर तिथे समजूत अशी की बहुतेकांचा टीबी म्हणजे अंगात वर्षानुवर्षं झोपलेला संसर्ग जागा होणं. जवळपास एक तृतीयांश रुग्ण ताज्या लागणीचे निघाले.

आपल्याकडे मात्र ही पद्धत लंगडी पडली. भारतातल्या, त्यातही दक्षिणेकडच्या, बऱ्याच जंतूंत ह्या तुकड्याची एकच प्रत असते किंवा एकही नसते. एक पट्टीवाले सगळेच एकमेकांशी जुळतात! पाश्चात्त्य पद्धत डोळे मिटून वापरली असती तर अर्ध्या मद्रासला एकाच माणसाने टीबी दिला असा निष्कर्ष निघाला असता.

पुढचं संध्याकाळी. पोळ्या टाकायच्या आहेत.

ताम्हण | सोमवार, दु. २:०२

जबरदस्त! वाचनखूण साठवली आहे. पोळ्या लवकर उरका.

सुमनताई | सोमवार, दु. ४:३०

मी पालिकेत आरोग्यसेविका होते, आता निवृत्त. नोकरीचा मोठा भाग एम पूर्व वॉर्डात, म्हणजे गोवंडी, बैंगनवाडी, शिवाजीनगर. परळवाली, तुमच्या वहिनीसारख्या वहिन्या प्रत्येक गल्लीत भेटल्या. एखाद्या घरी टीबी निघाला की पहिला प्रश्न 'बरा होईल ना' असा नसायचा, 'आणला कुणी' असा असायचा. आणि उत्तर कधीच घरातला कमावता पुरुष नसायचं. सून, कामवाली, गावाहून आलेला पुतण्या, नाहीतर शेजारी.

आम्ही संपर्कातल्या माणसांची यादी लिहून घ्यायचो. लोक नातेवाइकांची नावं सांगायचे, कारण विचारायचोच आम्ही 'घरात कोण कोण'. जरीच्या कारखान्यात, शिवणाच्या गाळ्यात दिवसाचे दहा-बारा तास वीस जण मांडीला मांडी लावून बसतात, त्या गाळ्याचं नाव कुणी घ्यायचं नाही. मालकाला कळलं तर काम जाईल. त्यामुळे आमच्या वहीतली साखळी घरापाशी संपायची. मला कायम वाटायचं की ह्यात काहीतरी हुकतंय.

आकडेमोड | सोमवार, सायं. ५:१०

सुमनताई, तुम्हाला वाटायचं ते नंतर मोजलं गेलं. केप टाउनजवळच्या दाट वस्तीत जंतूंचे ठसे जुळवून २००४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या एकूण प्रसारापैकी घरातल्या घरात झालेला प्रसार होता सुमारे १९ टक्के. उरलेला सगळा बाहेर. केप टाउन म्हणजे चिंचपोकळी नव्हे, पण दाट वस्ती आणि भरपूर टीबी ह्या दोन्ही गोष्टी आपल्याकडेही आहेतच.

म्हणजे भाचीच्या बाबतीत 'घरात कोण येतं' हा प्रश्नच आधी अपुरा आहे. ऑफिस, ट्रेन, क्लास, मैत्रिणीची खोली, सगळं मोजायला हवं.

७:५२_कर्जत | सोमवार, सायं. ५:१४

म्हणजे मी बरोबर होतो. सकाळी हसलात ना सगळे!

सूक्ष्मदर्शक | सोमवार, रा. ९:३५

उरल्या पोळ्यांसकट हजर.

१९९७ मध्ये स्पॉलिगोटायपिंग आलं. जंतूच्या डीएनएत एका ठिकाणी त्याच त्या ओळीची पुनरावृत्ती असते, आणि मधल्या जागांत ४३ ठरावीक तुकड्यांपैकी काही असतात, काही गळालेले. पडद्यावर ४३ ठिपके: आहे तिथे काळा, नाही तिथे कोरा. एका दिवसात चाळीसेक नमुने होतात, डीएनए थोडा लागतो. ह्या ठिपक्यांवरून घराणी पडली. बीजिंग घराण्यात पहिले ३४ ठिपके कोरे. उत्तर भारतात सीएएस नावाचं घराणं जास्त, दक्षिणेत ईएआय. मुंबईत सगळ्या गाड्या येतात, त्यामुळे सगळीच भेटतात. वरळीच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चने मुंबईतल्या जंतूंवर ह्या प्रकारचं बरंच काम केलं आहे.

ह्यातली एक गंमत सांगते. भारतीय नमुन्यांत 'मनू' नावाचं घराणं वारंवार दिसायचं. त्याच्या एका प्रकारात फक्त ३३ आणि ३४ हे दोनच ठिपके कोरे. आता बघा: बीजिंगमध्ये ३५ ते ४३ भरलेले. टी नावाच्या दुसऱ्या घराण्यात ३३ ते ३६ कोरे, बाकी भरलेले. एकाच बेडक्यात दोन्ही जंतू असतील तर पडद्यावर दोघांचे ठिपके एकत्र उमटतात, आणि कोरे उरतात फक्त ३३ आणि ३४! म्हणजे काही 'मनू' हे घराणंच नसून एका माणसाच्या छातीत एकाच वेळी असलेले दोन वेगळे टीबी. सगळे तसे नाहीत, पण काही नक्की. दाट लागण असलेल्या शहरात एकाला दोनदा टीबी लागू शकतो, ह्याचा विसर पडला की असं होतं.

मग मिरू-व्हीएनटीआर आलं, २४ जागी पुनरावृत्ती किती वेळा आहे ते मोजायची पद्धत. तिच्याबद्दलचं मी पटकन उरकते, कारण आता ती कुणी फारशी करत नाही. संपूर्ण जिनोम, म्हणजे सगळीच्या सगळी अक्षरं, वाचणं स्वस्त झालं आणि बाकी सगळं मागे पडलं.

जिनोम कसा उपयोगी पडतो? गणपतीत चार घरांच्या आरत्या ऐकल्यात की लक्षात येतं, प्रत्येक घराची एक ठरलेली चूक असते. आजोबा तसं म्हणायचे, म्हणून बाबा, म्हणून नातवंडं. दोन घरांत तीच चमत्कारिक चूक ऐकू आली तर दोघं मूळचे एकाच वाडीतले असणार. टीबीचा जंतू ४४ लाख अक्षरं उतरवून काढतो, दोन-तीन वर्षांत एखादं अक्षर चुकतं, आणि ती चूक वंशात कायम राहते. ह्या एका अक्षराच्या फरकाला आम्ही स्निप म्हणतो. इंग्लंडमध्ये २०१३ साली झालेल्या कामातून दोन आकडे रूढ झाले: दोन रुग्णांच्या जंतूंत ५ पर्यंत स्निपचा फरक असेल तर प्रसाराची साखळी जवळची समजायची, १२ च्या वर गेला तर एकाने दुसऱ्याला दिल्याची शक्यता जवळजवळ सोडून द्यायची.

अर्धवट | सोमवार, रा. ९:५०

आमच्या घरात आरतीत बाराच्या वर स्निप आहेत. आम्ही नातेवाईक नसणारच.

चकली | सोमवार, रा. ९:५८

सासरी आल्यावर पहिल्या गणपतीत मी माझा स्ट्रेन म्हटला, सगळ्यांनी वळून बघितलं होतं.

आकडेमोड | सोमवार, रा. १०:२०

सूक्ष्मदर्शक, दंडवत. पण ५ आणि १२ बद्दल एक आक्षेप नोंदवतो. हे आकडे जिथे टीबी कमी आहे तिथले. तिकडे बहुतेक रुग्णांचे नमुने मिळतात. मुंबईत किती रुग्णांचं कल्चर होतं, म्हणजे नमुन्यातला जंतू लॅबमध्ये वाढवला जातो? त्यातल्या किती जणांचं सिक्वेन्सिंग? साखळीतल्या दहापैकी दोन कड्या हातात असताना त्या दोन जुळल्या, तर 'ह्याने तिला दिला' असं म्हणता येत नाही. मधे तिसरा असेल, दोघांनाही चौथ्याने दिलेला असेल.

दुसरं, दिशा. दोन जंतूंत स्निपचा फरक शून्य आला तर कोणाकडून कोणाकडे गेला? तुमचंच उदाहरण घेऊन: दोन घरांत चूक सारखी असली तरी कुठल्या घराने कुठल्याकडून उचलली ते आरती ऐकून कसं कळणार?

सूक्ष्मदर्शक | सोमवार, रा. १०:४१

नाही कळत. शंभर टक्के मान्य. तारखा, लक्षणं कधीपासून, कोण कुठे भेटलं, हे सगळं सोबत लागतं. कॅनडात ब्रिटिश कोलंबियाच्या एका गावातल्या उद्रेकाचा २०११ चा अभ्यास ह्याचं चांगलं उदाहरण. जुन्या पद्धतीने सगळे रुग्ण एकाच जंतूचे दिसत होते. जिनोम वाचल्यावर दोन वेगळे वंश एकाच वेळी पसरत होते असं निघालं. आणि माणसं एकमेकांना कुठे भेटतात ह्याची सविस्तर चौकशी केली तेव्हा कुठे अर्थ लागला. नुसतं यंत्र मुकं असतं.

माझं मत विचाराल तर ह्या पद्धतीची खरी ताकद 'नाही' म्हणण्यात आहे. दोघींच्या जंतूंत दोनशे स्निपचा फरक आला तर मावशींनी दिला नाही, हे छातीठोक सांगता येतं. जुळला तर फक्त 'शक्यता नाकारता येत नाही' इतकंच.

आणखी एक: ह्याच पद्धतीने लॅबच्याही चुका पकडल्या गेल्यात. एकाच दिवशी हाताळलेल्या दोन नमुन्यांचे जंतू तंतोतंत सारखे निघाले आणि दुसऱ्या रुग्णाला टीबीची लक्षणंच नव्हती. पहिल्याच्या नळीतला थेंब दुसऱ्याच्या नळीत. असे प्रकार जगभर सापडले आहेत.

खवचट_खान्देशी | मंगळवार, स. ९:१२

सगळं ज्ञानामृत प्यायलो. माझा प्रश्न तसाच आहे. ह्याने रुग्णाला काय मिळतं? आपल्याकडे लोक दोन महिन्यांनी बरं वाटलं की गोळ्या सोडतात, त्यातून एमडीआर, म्हणजे मुख्य औषधांना न जुमानणारा टीबी होतो, हे शेंबडं पोर सांगेल. तो पैसा लोकांना कोर्स पुरा करायला लावण्यात घाला.

कोकम_सरबत | मंगळवार, स. १०:०५

खवचट, तुमच्यावर राग नाही, पण हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की उत्तर देतेच.

मला एमडीआर टीबी झाला तो पहिल्याच वेळी. त्याआधी आयुष्यात टीबीची एक गोळी घेतली नव्हती. साध्या टीबीच्या गोळ्या तीन महिने घेतल्या, वजन उतरतच गेलं. मग तपासणीत निघालं की मुख्य दोन्ही औषधं लागू पडत नाहीत. पुढे दोन वर्षांचा कोर्स, त्यात सहा महिने रोज इंजेक्शन. त्या इंजेक्शनाने उजव्या कानाचं ऐकणं गेलं. आणि ह्या सगळ्या काळात प्रत्येक डॉक्टर, प्रत्येक आत्या, प्रत्येक शेजारीण एकच विचारायची: गोळ्या चुकवल्या होत्यास का गं? एका खाजगी दवाखान्यात तर केसपेपरवर 'अनियमित रुग्ण' लिहिलं, मला न विचारता.

मी चुकवल्या नव्हत्या. मला जंतूच तसा मिळाला होता.

सूक्ष्मदर्शक | मंगळवार, स. १०:३३

कोकम, हे लिहिल्याबद्दल आभार. खवचट, तुमच्या 'उपयोग काय'चं उत्तर इथेच आहे.

औषधाला दाद न देणारा जंतू दोन वाटांनी येतो. एक, उपचार कमी-चुकीचे झाले आणि रुग्णाच्या अंगातच बदल झाला. दोन, बदललेला जंतूच दुसऱ्याकडून लागला. नुसती औषधाची तपासणी करून कुठली वाट ते कळत नाही. जिनोम जुळवले की कळतं: वेगवेगळ्या रुग्णांत तोच बदल त्याच वंशात दिसला तर तो पसरतोय, प्रत्येकात स्वतंत्रपणे झालेला दिसला तर उपचार चुकतायत. मुंबई महानगरातल्या एमडीआर जंतूंवर २०२२ मध्ये एक मोठा जिनोम अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं ते असं की फ्लुरोक्विनोलोन गटाच्या औषधांनाही न जुमानणारे एमडीआर जंतू मोठ्या प्रमाणात आहेत, आणि त्यामागे वंश क्रमांक २ चे, म्हणजे बीजिंगच्या भावकीतले, काही मोजके क्लोन (एकाच जंतूची पिलावळ) आहेत. म्हणजे ते माणसाकडून माणसाकडे जातायत. अशा वेळी 'लोक गोळ्या सोडतात' एवढंच म्हणत बसलं तर लक्ष भलत्याच जागी जातं. लवकर शोधणं, पहिल्याच दिवशी कुठली औषधं चालतील ते तपासणं आणि बंदिस्त जागेतली हवा, हे जास्त महत्त्वाचं होतं.

आकडेमोड | मंगळवार, स. १०:५०

आणि 'लोक गोळ्या सोडतात' ह्याआधी 'डॉक्टर कुठल्या गोळ्या लिहितात' तेही विचारा. १९९१ मध्ये धारावीतल्या सुमारे १०० खाजगी डॉक्टरांना टीबीचं प्रिस्क्रिप्शन लिहायला सांगितलं होतं, ८० प्रकारचे कोर्स निघाले. वीसेक वर्षांनी पुन्हा तोच प्रयोग झाला, १०६ डॉक्टर, ६३ प्रकार, बरोबर फक्त ६ जणांचे. हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांचं हे काम २०१० चं. त्याच गटाने पुढे डिसेंबर २०११ मध्ये कुठलंच औषध लागू न पडणाऱ्या चार रुग्णांबद्दल लिहिलं आणि मुंबई जगभरच्या बातम्यांत आली. त्यांनी वापरलेला 'टोटली ड्रग रेझिस्टंट' हा शब्दप्रयोग सरकारला मान्य नव्हता, पण हालचाल त्यानंतरच वाढली.

खवचट_खान्देशी | मंगळवार, स. ११:२०

कोकम_सरबत, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माघार नाही घेत, कोर्स पुरा करणं महत्त्वाचं ते आहेच. पण शेंबडं पोर मागे घेतो.

बीआयटीकर | मंगळवार, दु. १:१५

हवेचा विषय निघालाच आहे तर अवांतर.

१८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये, बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. आमची बीआयटी चाळ त्याचीच. ट्रस्टचे ऑर साहेब १९१२ च्या सुमारास व्याख्यानं देत फिरायचे की खोलीत पुरेसं आकाश दिसलं पाहिजे, समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंतचा कोन साडेत्रेसष्ट अंशांच्या वर जाता कामा नये. म्हणजे इमारत जितकी उंच, तितकं अंतर जास्त. शंभर वर्षांनी आपण मानखुर्द-गोवंडीला पुनर्वसनाच्या इमारती बांधल्या आणि दोन इमारतींत हात पोचेल इतकी जागा सोडली. २०१८ च्या आसपास डॉक्टर्स फॉर यू ह्या संस्थेने आयआयटीच्या लोकांसोबत लल्लुभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड अशा वसाहतींचा अभ्यास केला. ऊन-वारा न येणाऱ्या खालच्या मजल्यांवर टीबी जास्त, असं त्यात निघालं. हे सांगायला जिनोम लागत नाही.

सुमनताई | मंगळवार, दु. २:००

नटवर पारेखच्या काही खोल्यांत भर दुपारी दिवा लावून गोळ्या मोजल्यात मी. बीआयटीकरांना दुजोरा.

ताम्हण | मंगळवार, दु. २:३०

अवांतरात माझीही भर: पेरू देशात सापडलेल्या हजार वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांत टीबीच्या जंतूचा डीएनए मिळाला, आणि तो सील प्राण्यांच्या टीबीशी सर्वांत जवळचा निघाला. २०१४ चं संशोधन. कोलंबसाच्या आधी तिथे टीबी सीलमार्फत पोचला असावा.

अर्धवट | मंगळवार, दु. २:३३

परळवाली, घरी सील येतो का स्वयंपाकाला?

संपादक | मंगळवार, दु. ३:०५

धागाकर्तीचा मूळ प्रश्न लक्षात ठेवावा. सीलवर वेगळा धागा काढता येईल.

परळवाली | मंगळवार, रा. ८:४०

बापरे, एका दिवसात केवढं! सगळ्यांचे आभार, विशेषतः सूक्ष्मदर्शकताई आणि कोकम.

ऑफिसातून येताना भाचीकडे गेले होते. तिच्या नमुन्याचं कल्चर लावलेलं नाही, कारण सीबीनॅटमध्ये औषध चालतंय असं आलं. मावशींना फोन केला. त्यांची फाइल जपून ठेवलेली आहे. त्यांनी वाचून दाखवलं: मानेला गाठ आली होती, सुईने पाणी काढून तपासलं, त्यात टीबी निघाला. छातीचा एक्स-रे स्वच्छ होता. सहा महिने गोळ्या. आता त्या गाठीचा नमुना अजून कुठे ठेवलेला असेल का?

सूक्ष्मदर्शक | मंगळवार, रा. ८:४७

गाठीचा टीबी??? हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं ना हो!

नमुना कुठेही नसेल, आणि असता तरी त्याची गरज नाही. टीबी पसरतो तो फुफ्फुसातून, खोकताना-बोलताना बाहेर पडणाऱ्या बारीक थेंबांतून. मानेच्या गाठीतला जंतू स्वयंपाक करताना उडून भाचीच्या छातीत जात नाही. एक्स-रे स्वच्छ, कोर्स पूर्ण. ह्याला ना स्पॉलिगो लागत ना सिक्वेन्सिंग.

आकडेमोड | मंगळवार, रा. ८:५५

४४ लाख अक्षरांची चर्चा आणि उत्तर फाइलच्या पहिल्या पानावर.

चकली | मंगळवार, रा. ९:०२

ते पान वहिनीला व्हॉट्सअ‍ॅप करा. मजल्यावरच्या ग्रुपवरही, मावशींना विचारून.

सुमनताई | मंगळवार, रा. ९:१५

परळवाली, आता जे खरं करायचं ते विचारते. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली का? दादा, वहिनी, अजून कोण आहे घरात? फुफ्फुसाचा टीबी असलेल्या रुग्णाच्या घरच्यांना, टीबी नाही ह्याची खात्री करून, प्रतिबंधक गोळ्या देतात. आयएनएच ही गोळी रोज सहा महिने, किंवा आठवड्यातून एकदा अशा बारा डोसांचा नवा कोर्स. दवाखान्यात विचारा, मागे लागा.

परळवाली | मंगळवार, रा. ९:३०

दादा-वहिनीचे एक्स-रे झाले, ठीक आहेत. घरात वहिनीचे वडील असतात, तात्या, वय ७४. त्यांचा नाही काढला. ते म्हणतात मला काही होत नाही. खोकला आहे, पण तो बिडीचा, वीस वर्षं आहे.

सुमनताई | मंगळवार, रा. ९:३२

बिडीचा खोकला. हं.

सूक्ष्मदर्शक | मंगळवार, रा. ९:३८

उद्या सकाळी. तात्या काय म्हणतात ते बाजूला ठेवा. २०१९ ते २१ मधल्या राष्ट्रीय टीबी पाहणीत सापडलेल्या रुग्णांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त असे होते की एक्स-रे काढला नसता तर लक्षणांवरून ते सुटलेच असते. आणि ज्यांना लक्षणं होती त्यांतले बहुसंख्य कुठल्याही डॉक्टरकडे गेले नव्हते. तात्यांनाच टीबी आहे असं मी म्हणत नाहीये, कृपया वहिनीला तसं सांगू नका, नाहीतर उद्या तात्यांना बंद करतील. फक्त एक्स-रे आणि बेडका.

खवचट_खान्देशी | मंगळवार, रा. ९:४५

तात्यांना नेण्याची युक्ती: निवृत्तिवेतनाच्या हयातीच्या दाखल्याला एक्स-रे लागतो म्हणून सांगा. माझ्या काकांवर चालली होती.

परळवाली | बुधवार, दु. १२:५०

खवचट, चालली. एक्स-रे झाला, डॉक्टरांनी बघून बेडका तपासायला घेतलाय. रिपोर्ट उद्या. वहिनी गप्प आहे.

मावशींना दादाने स्वतः फोन केला. त्या म्हणाल्या, दोन दिवसांत सांगते, लालबागला एका ठिकाणी विचारणा झालीये आणि तिथे पाचशे रुपये जास्त देतायत.

चकली | बुधवार, दु. १२:५८

मावशींनी लालबागलाच जावं.

कोकम_सरबत | बुधवार, दु. १:१०

+१. किंवा दादाने हजार वाढवावेत.

ताम्हण | बुधवार, दु. ३:२०

सूक्ष्मदर्शक, एक राहिलेला प्रश्न. सिक्वेन्सिंगसाठी कल्चर लागतंच का? करोनात तर थेट नमुन्यावरून व्हायचं.

सूक्ष्मदर्शक | बुधवार, सायं. ६:१५

संपूर्ण जिनोम हवा असेल तर अजून बहुतेक वेळा कल्चर लागतं. बेडक्यात माणसाचाच आणि तोंडातल्या इतर जंतूंचा डीएनए इतका असतो की टीबीचा त्यात हरवतो. कल्चर म्हणजे द्रव माध्यमात एक-दोन आठवडे, घट्ट माध्यमात महिना-दीड महिना. वाढवताना मिश्र लागणीतला एखादा जंतू मागे पडतो, तो तोटा वेगळा. म्हणून आता फक्त औषधांशी संबंधित जनुकं निवडून थेट बेडक्यावरून वाचायच्या पद्धती आल्यात. कुठल्या बदलाने कुठलं औषध निकामी होतं ह्याची यादी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये काढली आणि २०२३ मध्ये वाढवली. त्यामागे २३ देशांतल्या १२ हजारांहून जास्त जंतूंचा एक संग्रहही आहे, आणि त्यात मुंबईचेही आहेत. एमडीआर रुग्णाला ह्याचा थेट फायदा, औषध आठवडे आधी ठरतं. पण निवडक जनुकांवरून कोण कुणाशी जुळतं हे मात्र नीट कळत नाही, त्याला अख्खा जिनोमच लागतो. मिश्र लागणीवर वेगळा धागा काढते, रविवारी वेळ मिळाला तर.

अर्धवट | बुधवार, सायं. ६:२०

सीलचाही त्यातच घ्या.